पान कुठं ओलं आहे?

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग उघडी पडते. नुसते खांब, तारा आणि काड्या. अशा बागेत बिनतारी संवेदक लावले की पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांचे आकडे फोनवर येतात, आणि बागायतदार खूश होतो. मी होत नाही. महिना-दीड महिन्यात मांडव भरतो. पान म्हणजे बहुतेक पाणीच, आणि २.४ गिगाहर्ट्‌झची लहर त्यात विरून जाते. म्हणून मी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा घेतो. तो आपल्याकडे परवान्याविना वापरता येतो, आणि तिथली लहर जवळपास तिप्पट लांब असल्यानं पानोळ्यातून बरी निघते. तरीही अँटेना मांडवाच्या वर काढायचीच.

खरी कसोटी पानाच्या ओलाव्याच्या संवेदकाची. ती पानासारखी चपटी पट्टी, पाणी बसलं की तिचे विद्युत गुणधर्म बदलतात, बस्स. तिला रोगातलं काही कळत नाही. डाऊनी या रोगाचे बीजाणू मात्र पाण्यात पोहतच पर्णरंध्रापर्यंत पोचतात, म्हणून पान किती तास ओलं राहिलं याला मोल. (भुरी या दुसऱ्या रोगाला असं पाणी लागत नाही; तिच्यासाठी या पट्टीचा भरवसा धरू नये.) पट्टी मांडवावर लावली तर दव लवकर धरते आणि ऊन पडताच सुकते. आत, घडांच्या उंचीवर, ओल कितीतरी उशिरापर्यंत टिकते. मी आतच लावतो, थोडी तिरकी, उत्तरेकडं तोंड करून, म्हणजे पाणी साचत नाही आणि थेट ऊन लागत नाही.

आयआयटी मुंबईनं नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात ‘अ‍ॅग्रीसेन्स’ नावानं असं जाळं लावून पाहिलं होतं. त्यानंतर सुटे भाग स्वस्त झाले. जागा हेरायचं काम तेवढंच किचकट राहिलं, आणि त्यात माझ्यापेक्षा बागायतदाराचं डोकं जास्त चालतं. एक काका म्हणाले, “भाऊ, तुमचं यंत्र बांधावर बसलंय. डाऊनी दरवर्षी नाल्याकडच्या ओळींत आधी येते.” पट्टी तिकडं हलवली.

आता ते विचारतात, “मग फवारू का?” त्यावर मी एवढंच सांगतो, की नाल्याकडं पान रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत ओलं होतं आणि तापमान विसाच्या आसपास होतं. आधी कोणतं औषध मारलंय, माल निर्यातीचा आहे का, काढणीला किती दिवस उरलेत, हा हिशोब त्यांच्या वहीत असतो.