‘डिसीट’ची भीती नेमकी कशाची?

लंडनच्या ‘धिस हीट’ या बँडचा दुसरा आणि शेवटचा अल्बम ‘डिसीट’ सप्टेंबर १९८१मध्ये आला. तेव्हापासून त्याच्याबद्दल दोन वाक्यं ठरून गेली आहेत आणि दोन्ही वाचली की माझं डोकं फिरतं. पहिलं, हा अणुयुद्धाच्या भीतीचा अल्बम. दुसरं, नंतर आलेल्या अमुकतमुक बँडांचा हा पूर्वज. दुसऱ्यातला अन्याय सरळ दिसतो. घरातल्या म्हाताऱ्याची पाहुण्यांशी ओळख करून द्यायची आणि मग संध्याकाळभर नातवंडांचं कौतुक सांगायचं, तसला तो मान आहे. पहिलं वाक्य मात्र जास्त घातक, कारण ते अर्धं खरं आहे. एकदा अल्बमवर अणुयुद्धाची चिठ्ठी चिकटवली की शीतयुद्ध संपल्याबरोबर अल्बमही संपला असं मानायला लोक मोकळे.

पार्श्वभूमी थोडक्यात. चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलन आणि गॅरेथ विल्यम्स हे तिघे १९७६मध्ये एकत्र आले. यांतल्या विल्यम्सला रूढ अर्थानं वादक म्हणता येत नव्हतं. ब्रिक्स्टनमधल्या मांस साठवण्याच्या एका बंद पडलेल्या शीतगृहात त्यांनी आपला स्टुडिओ थाटला आणि त्याचं नावही ‘कोल्ड स्टोरेज’च ठेवलं. मी या बँडला पंकमध्ये धरतो. इथे जाणकार आक्षेप घेतात की हे पंक नव्हेच. हेवर्ड आधी ‘क्वाएट सन’मध्ये ड्रम वाजवत होता आणि तो सरळसरळ गुंतागुंतीच्या रॉकचा बँड होता. आक्षेपात तथ्य आहे. पण तीन सूर आणि चामड्याचं जाकीट एवढीच पंकची व्याख्या असेल तर ती पंकवरच अन्याय करते. ज्याला वाजवता येत नाही त्याला बरोबरीच्या हक्कानं बँडमध्ये घेणं आणि त्याच्या न येण्यातून नवीन आवाज काढणं हे त्या काळातल्या कित्येक नावाजलेल्या पंकवाल्यांनाही जमलं नाही.

आता मुख्य मुद्दा. अणुयुद्धवाल्यांकडे पुरावा भरपूर आहे. डिसेंबर १९७९मध्ये नाटोनं अमेरिकी क्षेपणास्त्रं युरोपात आणायचं ठरवलं. १९८०मध्ये ब्रिटिश सरकारनं ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका काढली. ‘डिसीट’ आला त्याच महिन्यात या क्षेपणास्त्रांच्या निषेधासाठी कार्डिफहून चालत निघालेल्या बायका ग्रीनहॅम कॉमनच्या लष्करी तळावर पोहोचल्या. अल्बमच्या वेष्टनावरच्या चेहऱ्यात अणुस्फोटाचा ढगही आहे. हे सगळं मान्य. पण ती पुस्तिका एकदा नीट पाहावी. घरातली दारं काढून भिंतीला तिरपी टेकवा, खिडक्यांना पांढरा रंग द्या, चौदा दिवसांचं अन्नपाणी साठवा. त्यातली भयंकर गोष्ट बॉम्ब नाही. पावसाळ्याआधी कौलं शाकारून घ्या, अशा थाटात सरकार जगबुडीची तयारी सांगतं, तो सूर भयंकर आहे. ‘डिसीट’ या सुराबद्दल आहे असं माझं म्हणणं आहे. माणसाला घाबरवणाऱ्यापेक्षा त्याला निजवणाऱ्यावर या तिघांचा राग जास्त आहे.

पुरावा गाण्यांच्या क्रमातच आहे. पहिलं गाणं ‘स्लीप’. अल्बममधलं सगळ्यात गोड, जवळजवळ अंगाईगीतासारखं, आणि विषय जाहिरातींच्या व सुखसोयींच्या आमिषानं गुंगवलेला माणूस. पुढे ‘श्रिंक रॅप’मध्ये त्याच ओळी पुन्हा येतात, पण आता तुकडे पाडून, ठेक्यात कोंबून. पहिल्यांदा ऐकताना आपण ज्या गोडव्याला भुललो तोच माल इथे वेष्टनात गुंडाळून परत हातात दिलेला असतो. ‘एस.पी.क्यू.आर.’मध्ये गिटारी सुसाट धावतात आणि विषय रोमन साम्राज्याचे सरळ रस्ते, शाळेत घोकलेली लॅटिन रूपं. म्हणजे पुन्हा तेच, शिस्तीत वाढवलेलं मन. ‘अ न्यू काइंड ऑफ वॉटर’ हे मिळालं तरी न भागणाऱ्या हावेबद्दल आहे. यातल्या कुठल्या गाण्याला बॉम्बची गरज आहे?

सगळ्यात जास्त वेळ मी ‘इंडिपेंडन्स’पाशी अडतो. त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला मजकूर गायला आहे, पण उत्साहाचा लवलेश नसलेल्या, पठण करावं तशा आवाजात. बरेच जण याला उपरोध म्हणतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. उपरोधात गाणाऱ्याला शब्दांपेक्षा वर उभं राहावं लागतं. इथे तसं कुणी उभं नाही. लोकांच्या संमतीवर सरकार टिकतं आणि ते घातक ठरलं तर बदलण्याचा वा मोडण्याचा हक्क लोकांना आहे, हा त्या मजकुराचा गाभा. ज्या देशाची क्षेपणास्त्रं ब्रिटनच्या अंगणात येऊ घातली होती त्याच देशाचा हा कागद. तो थकलेल्या आवाजात ऐकला की विटलेल्या शब्दांत अजून दारू शिल्लक आहे हे लक्षात येतं. शब्द खोटे नव्हते, सारखे उच्चारून ते बोथट केले गेले. निजवण्याची ही सर्वांत प्रतिष्ठित पद्धत.

म्हणून फुकटचा सल्ला: हा अल्बम सुटी गाणी निवडून ऐकू नये. क्रम मोडला तर युक्तिवादच मोडतो.

तो पुरेसा गाजला नाही याची मला चीड आहेच. पण खरं सांगायचं तर गाजला असता तर ‘स्लीप’ची चाल आज एखाद्या गादीच्या जाहिरातीत वाजत असती. तेव्हा उपेक्षेबद्दल तक्रार करावी की तिचे आभार मानावेत, हे मला ठरवता येत नाही. बँड १९८२मध्ये संपला. विल्यम्स कथकली शिकायला भारतात आला आणि २००१मध्ये वारला. हेवर्ड आणि बुलन २०१६पासून काही वर्षं इतर वादकांना घेऊन ही गाणी पुन्हा वाजवत होते, तेव्हा त्यांनी नाव घेतलं ‘धिस इज नॉट धिस हीट’. जुन्या नावावर तिकिटं जास्त खपली असती.

माझ्या म्हणण्यातली अडचण शेवटच्या गाण्यात आहे. ‘हि बाकू श्यो’ हे नावानिशी अणुबॉम्बग्रस्तांच्या आजाराबद्दल आहे आणि तिथे संमती, जाहिरात, सवय यांतलं काहीच सांगायला शब्द उरलेले नाहीत. तिथे अणुयुद्धवाले जिंकतात, हे मी मान्य करतो. पण मग बॉम्बबद्दलच बोलायचं होतं तर या तिघांनी सुरुवात अंगाईनं का केली, याचं उत्तर अणुयुद्धवाल्यांनी द्यावं.