छत्रीखालची दोन नावं

नातवाला शाळेत 'लीडरशिप'वर निबंध लिहायचा होता. नेल्सन, वेलिंग्टन ही नावं त्याच्याकडे तयारच होती. आम्ही दोघांनी म्हटलं, "चल, तुला आपल्याकडची दोन नावं दाखवतो," आणि त्याला घेऊन लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरला गेलो.

तिथे वेलिंग्टन कमानीजवळच, कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तोंडाशी मेमोरियल गेट्स आहेत. दोन्ही महायुद्धांत भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून आलेल्या सैनिकांचं हे स्मारक. राणी एलिझाबेथ यांनी ६ नोव्हेंबर २००२ रोजी त्याचं उद्घाटन केलं. शेजारी एक दगडी छत्री आहे. तिच्या आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांची नावं कोरली आहेत.

पहिलं नाव यशवंत घाडगे यांचं. माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्यांचं गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीत ते नाईक होते, म्हणजे हाताखाली जेमतेम दहाएक माणसं. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात त्यांची सगळी तुकडी पडली. कुणी मेले, कुणी जखमी. घाडगे एकटे धावून गेले आणि त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. वय अवघं बावीस.

नातू म्हणाला, "पण आजोबा, मागे कुणी उरलंच नव्हतं. मग ते लीडर कुणाचे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. प्रश्न खरा होता.

उत्तर म्हणून त्याला दुसरं नाव दाखवलं, नामदेव जाधव. हे साधे शिपाई, कंपनीचे निरोप्ये. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्याच सेनिओ नदीवर त्यांच्या सोबतची माणसं पडली. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे पोचवलं, शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि मग बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. हुद्दा काहीच नाही, तरी कंपन्यांना वाट दाखवली!

म्हणजे एकाकडे हुद्दा होता पण माणसं उरली नव्हती, दुसऱ्याकडे हुद्दाच नव्हता. दोघांनीही पुढे काय करायचं ते कुणाच्या हुकमाची वाट न पाहता ठरवलं. आम्हाला वाटतं, लष्करातलं नेतृत्व शेवटी इथे येऊन ठेपतं.

"पण युद्ध तर इंग्रजांचं होतं ना?" त्याचा पुढचा प्रश्न. होय. १९३९ साली व्हाइसरॉयने भारतीय नेत्यांना न विचारताच भारताला युद्धात ओढलं. ते वरच्यांचं नेतृत्व, त्याचा जाब वरच्यांनाच विचारायचा. घाडगे आणि जाधव यांच्यावर जबाबदारी होती ती शेजारच्या माणसांची, आणि ती त्यांनी पुरी केली. हे दोन हिशेब आम्ही तरी वेगळे ठेवतो.

इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आपल्याला तर इतकं लांब जायलाही नको. मंडळी, लंडनला गेलात तर मुलांना घेऊन त्या छत्रीखाली जरूर थांबा. वर पाहून मान थोडी अवघडते, पण नावं मोठ्याने वाचून दाखवा. त्यांचा उच्चार आपल्यालाच नीट येतो.