एक कान मोकळा

हरभरा घाट्यावर आला की बाबा जागलीला जाऊ लागतात. रात्रीचं जेवण झालं की खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी आणि सदऱ्याच्या खिशात मोबाइल. त्या मोबाइलमधून निघालेली काळी वायर गुंड्यांच्या फटीतून वर येते आणि गळ्याशी तिचे दोन फाटे होतात. एक फाटा डाव्या कानात असतो, दुसरा छातीवर लोंबत राहतो. उजवा कान कायम मोकळा, कारण तो रानडुकरांचा. डुक्कर वावरात शिरलं तर पावलं वाजत नाहीत, झाडं मोडल्याचा बारीक आवाज येतो. रोह्यांचा कळप आला तर जमीन आधी धपधपते. डाव्या कानात यवतमाळची आकाशवाणी आणि उजव्या कानात कळंबचं शिवार, अशी बाबांची हिवाळ्यातली रात्र सरते.

लहानपणी मीही हट्ट करून त्यांच्यासोबत मचाणावर जायची. तेव्हा ट्रान्झिस्टर होता. त्याचा आवाज दोन वावरं ओलांडून जायचा आणि पलीकडच्या मचाणावरचा काका ओरडून सांगायचा, "वाढवा ना जी थोडा!" पुढं बटनाचा मोबाइल आला, वायर आली, आणि ते लोंबणारं दुसरं टोक माझं झालं. बाबा त्याला बोंड म्हणायचे. "घे, तुहं बोंड घाल कानात." वायर तोकडी, म्हणून मला त्यांच्या अगदी खेटून बसावं लागायचं. घोंगडीला धुराचा आणि तुरीच्या पाल्याचा वास. गाणं कुठलं लागलं होतं ते आता आठवत नाही. ज्या बाजूनं मी टेकून बसायची ती त्यांची बरगडी श्वासागणिक वरखाली व्हायची, ते मात्र आठवतं.

मागच्या हिवाळ्यात मी बाबांसाठी नवा फोन घेतला. मी वर्ध्याला शिकवते. वर्धा-कळंब रेल्वे 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाली तेव्हापासून जमेल तेव्हा त्याच गाडीनं माहेरी येते. देवळी गेलं, भिडी गेलं, की दोन्हीकडं पऱ्हाटी दिसू लागते आणि जीव हलका होतो. त्या दिवशी मांडीवर फोनचा खोका होता. मोठा पडदा, चांगला कॅमेरा, नातवाचा चेहरा दिसेल, पावसाचा नकाशा दिसेल, असं काय काय मनात मांडत मी आले.

बाबांनी फोन हातात घेतला आणि बैल विकत घेताना त्याच्या अंगावरून हात फिरवतात तसा त्याच्या चारी कडांवरून अंगठा फिरवला. वर, खाली, परत वर. मग म्हणाले, "बाई, याले भोकच नाही."

"आता नसते बाबा. ब्लूटूथ असते." मी डबी उघडून पांढरी दोन बोंडं त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती कानात घातली, ऐकलं, मान डोलावली. माझ्या मनाला लागेल असं ते कधी काही बोलत नाहीत. पण तिसऱ्या रात्री मचाणावरून उतरताना एक बोंड कानातून निसटलं आणि हरभऱ्यात पडलं. पहाटे आम्ही दोघं दव पडलेल्या झाडांतून ते शोधत होतो. आकार घाट्याएवढाच. हात आंबेनं चरचरायला लागले तरी ते सापडलं नाही. उरलेलं बोंड रात्री एकच्या सुमाराला मुकं व्हायचं, कारण तेही चार्ज करावं लागायचं. डुकरं तर एकनंतरच येतात.

खरी गोष्ट मला त्यानंतर कळली. नव्या फोनमध्ये रेडिओच लागत नव्हता. मी आधी शोधलं, मग ॲप उतरवून पाहिलं, शेवटी बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, पिन नाही तं एफएम कुठून लागन? वायर म्हणजेच अँटेना ना."

एवढी वर्षं मी ती वायर पाहत आले आणि एवढं साधं मला ठाऊक नव्हतं. एफएमच्या पट्ट्यात, शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, लहरीची लांबी 3 मीटर असते. ती पकडायला हातभर तरी धातू हवा, आणि बोटभर जाडीच्या फोनच्या पोटात तो कुठून येणार? म्हणून फोन बनवणाऱ्यांनी युक्ती केली. कानाची वायर मीटर-सव्वा मीटरची असतेच, तिलाच अँटेना केलं. एकाच तारेतून गाणं कानाकडे येत होतं आणि त्याच तारेवर, उलट दिशेनं, 20-25 किलोमीटरवरच्या यवतमाळची लहर फोनमध्ये उतरत होती. बाबा सदऱ्याबाहेर वायर काढून ती मचाणाच्या बांबूवर का टाकत, ते मला त्या दुकानात उभ्या उभ्या समजलं. मी लेक म्हणून प्रेमानं एक वस्तू दिली आणि त्यांची आकाशवाणी नेली.

हे भोक गेलं कसं, ते मी मग मन लावून वाचलं. 7 सप्टेंबर 2016 ला सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलनं आयफोन 7 दाखवला आणि त्यात साडेतीन मिलिमीटरची पिन लावायची जागा नव्हती. त्याच वर्षी मोटोरोलाच्या मोटो झेडमधूनही ती गेली होती. ॲपलचे फिल शिलर यांनी मंचावरून कारणं सांगितली आणि सगळ्यांचं सार एका शब्दात मांडलं: धाडस. जगभर त्या शब्दावर वाद झाला. गुगलनं त्या वर्षी आपल्या फोनला पिन आहे हे मिरवलं आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल 2 मधून ती काढली. सॅमसंगनंही 2019 मध्ये नोट 10 मधून ती काढली.

कारणं खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. पिनेची ती नळी फोनच्या आत चांगली दीड सेंटिमीटर शिरते, आणि तेवढ्या जागेत आणखी काही बसवता येतं. भोकातून पाणी शिरतं हे कारण मात्र मला पटलं नाही. त्याच 2016 मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस 7 पाण्यात बुडाला तरी चालायचा आणि त्याला पिनही होती. बिनवायरीचं सुख मीही घेते. भाकरी थापताना कानात व्याख्यान चालू असतं, हात मोकळे असतात, वायर चुलीकडे जात नाही. कोणी ब्लूटूथ घ्यावं याला माझी ना नाही. पण एका खोलीला नवं दार करायचं म्हणून जुनं दार विटांनी बुजवायचं असतं का? ज्यानं बुजवलं त्याच्या घरात रात्री लाइन जात नाही, हरभऱ्यात त्याचं काही हरवत नाही. माझ्या बाबांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांच्यासारखे या जिल्ह्यात गावोगाव आहेत.

एप्रिल 2023 मध्ये दोन गोष्टी घडल्या. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं मोबाइल बनवणाऱ्यांच्या संघटनांना सूचना धाडली की फोनमध्ये एफएम असेल तर ते बंद ठेवू नका, नसेल तर देता येईल ते पाहा. गरिबाला फुकट मिळणारा रेडिओ त्याच्या हातून जातो आहे, आणि पूर-वादळात सगळी यंत्रणा कोलमडते तेव्हा रेडिओच उरतो, असं त्यामागचं म्हणणं. आणि त्याच महिन्यात मुंबईत बेस्टनं फर्मान काढलं की बसमध्ये मोबाइलवर मोठ्यानं काही लावायचं नाही, ऐकायचं असेल तर कानात घालून ऐका. एक सूचना दिल्लीची, एक मुंबईची, आणि मला त्या दोन्ही एकाच बुजलेल्या भोकाच्या वाटल्या. रेडिओ गेला तो त्यातून, आणि आवाज बाहेर सांडला तोही त्यातूनच. यवतमाळच्या एसटीत हल्ली बसून बघा. पन्नास रुपयांची वायर नव्या फोनला लागत नाही, हजाराचं ब्लूटूथ घेणं होत नाही, मग मागच्या बाकावरचं पोरगं काय करणार? ते स्पीकरवर लावतं. सगळी गाडी त्याच्यावर चिडते. मी त्याच्यावर चिडू शकत नाही.

पन्नास रुपयांची वायर म्हटलं की मला चिंतामणीची यात्रा आठवते. माघात गणेश जयंतीला कळंब माणसांनी फुलून जातं. दुसऱ्या देवळांत पायऱ्या चढायच्या असतात, आमच्या चिंतामणीला पायऱ्या उतरून जायचं. देव जमिनीच्या पोटात आहे. एकेक पायरी उतरावी तसे वरचे भोंगे, पाळण्यांची करकर, खेळण्यांच्या पिपाण्या एकेक करून मागं पडतात आणि खाली कुंडाशी पोचेपर्यंत स्वतःचा श्वास ऐकू यायला लागतो. कुंडातलं पाणी बारा वर्षांनी चढतं आणि देवाच्या पायांना लागतं अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. आई हात जोडून उभी राहायची आणि पाण्याकडे कान देऊन ऐकायची, जणू ते चढताना आधी आवाज देईल. दर्शन करून वर आलं की रेवड्या आणि बांगड्यांच्या दुकानांमध्ये एका चौकटीवर वायरींचे झुबके टांगलेले असायचे, काळे, लाल, पोपटी. बाबा दरवर्षी तिथून एक घ्यायचे. दुकानदार आपला मोबाइल पुढं करायचा, बाबा पिन खुपसून दोन्ही बोंडं वाजवून बघायचे. यात्रेतली वायर पुढच्या यात्रेपर्यंत टिकायची. नाहीच टिकली, पिनेपाशी तुटली, तर ते ब्लेडनं सोलायचे, आतली केसासारखी तांबडी-हिरवी तार पिळायचे, वर टेप गुंडाळायचे आणि गाणं पुन्हा सुरू. जे पांढरं बोंड हरवलं नाही ते आता घरी फळीवर पडून आहे. त्याच्या आतली बॅटरी कधीतरी संपेल, आणि ते कुठं सोलायचं, काय पिळायचं, हे बाबांनाही सांगता येणार नाही.

आईचं ऐकणं वेगळं. वेचणीच्या दिवसांत बाया ओळीनं पऱ्हाटीत उतरतात, कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात चालू. बोलून बोलून विषय संपतात. तेव्हा शेजारच्या तासावरची काकू नि आई एक मोबाइल दोघींत घ्यायच्या. मोबाइल आईच्या कमरेला, एक बोंड हिच्या कानात, एक तिच्या. वायरीनं बांधल्यासारख्या दोघी एकाच चालीनं पुढं सरकायच्या. एकीचं तास दाट बोंडांचं आलं की दुसरी थांबायची, नाहीतर वायर ओढली जायची. मी लांबून पाहायची. एखादं भजन संपत आलं की दोघींचे ओठ एकदमच हलायचे.

पहिल्या वॉकमनची गोष्ट वाचली तेव्हा या दोघी डोळ्यांपुढं आल्या. सोनीनं 1 जुलै 1979 ला जपानमध्ये तो विकायला काढला. त्याला हेडफोनची भोकं एक नव्हे, दोन होती. एकट्यानंच ऐकत बसणं बरं दिसणार नाही असं सोनीच्या अकिओ मोरिता यांना वाटलं होतं, म्हणून दोघांची सोय. वर एक केशरी बटनही होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात पोचायचं. त्याच्याही मागं गेलं तर या पिनेचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमधला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतला. ऑपरेटर एक दोरी उचलायची, तिची पिन भोकात खुपसायची आणि एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाशी बोलू लागायचा. ही पिन दोन माणसं जोडण्यासाठीच घडली होती. आईनं आणि काकूनं पऱ्हाटीत तिचा तोच उपयोग केला, कोणी न शिकवता.

दुकानातल्या मुलानं मला सी टाइपचा कनेक्टर दिला, बोटभर लांबीचा. त्यातून जुनी वायर लागली, गाणी वाजली, रेडिओ काही आला नाही. मोबाइलवर इंटरनेटनं आकाशवाणी ऐकता येते हेही मी बाबांना दाखवलं. घरी ती छान लागली. वावरात एक काडी नेटवर्क, तेही आंब्याखाली उभं राहिलं तर. गोल गोल फिरणारं चक्र बघत बाबा थोडा वेळ थांबले आणि मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तू वर्ध्याले ने. पोराच्या कामी येईन."

या हिवाळ्यात मी त्यांना बटनाचा साधा मोबाइल घेऊन दिला. दुकानात आधी खालची कड अंगठ्यानं चाचपली, मगच पैसे दिले. पिन आत जाताना जो बारीक कट्ट आवाज होतो तो ऐकून बाबा हसले, आणि मला कितीतरी दिवसांनी झोप लागावी तसं वाटलं.

त्याच रात्री मी त्यांच्याबरोबर जागलीला गेले. मचाणाच्या पायऱ्या आता मला चार पुरतात, पूर्वी सहा लागायच्या. त्यांनी वायर बांबूवर टाकली, खरखर झाली, मग एक जुनं गाणं स्वच्छ लागलं. काही न बोलता त्यांनी लोंबणारं बोंड माझ्याकडे केलं. वायर तेवढीच तोकडी. मी खेटून बसले. बरगडी आता जरा लवकर लवकर वरखाली होते. खाली हरभरा चांदण्यात काळसर दिसत होता, लांब नागपूरच्या रस्त्यावरून ट्रकचे दिवे सरकत होते. गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं होतं. तेवढ्यात बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब," ते हळूच म्हणाले. "वाजलं काही."

आम्ही दोघांनी आपापला मोकळा कान अंधाराकडे केला.