तीन तारे आणि वेसाव्याचा बांगडा

नॉर्वेच्या किनाऱ्यावर स्टाव्हांगर नावाचं शहर आहे. तिथल्या 'रे-ना' या उपाहारगृहाला २०२४ साली मिशेलिनचे तीन तारे मिळाले. गंमत म्हणजे मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी! १९०० साली तिनं मोटारवाल्यांसाठी एक माहितीपुस्तक काढलं. पुढे त्यातच उत्तम उपाहारगृहांना तारे मिळू लागले. तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावं अशी जागा.

हे ऐकून माझा भाचा हिरमुसला. "मामा, आपल्याला कुठलं परवडायला!"

रविवारी मी त्याला अंधेरीहून वेसाव्याच्या मासळीबाजारात नेलं. कोळीण मावशीनं बांगड्याचा कल्ला उचलून दाखवला. "लाल हाय ना आतून? डोला बी चकचकीत. म्हंजे ताजा!" मग पावसाळ्याचा विषय निघाला. जून-जुलैत मासे अंडी घालतात, म्हणून यांत्रिक होड्या किनाऱ्यालाच राहतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा, मग नवा हंगाम.

स्टाव्हांगरचे नामवंत आचारी तरी वेगळं काय करतात? जवळच्या समुद्रातलं, त्या त्या हंगामातलं, ताजं तेच निवडतात. त्यांचं कसब मोठंच. पण पारख मावशीचीही कमी नाही.

घरी आजीनं बांगडे रव्यात घोळवून तळले. भाच्यानं प्रत्येकाला कल्ल्याची गोष्ट ऐकवली, अगदी ऐटीत!

मुलांनो, मोठे झालात की जरूर स्टाव्हांगरला जा. तोवर पारख शिका. तिला पैसे पडत नाहीत!