बोर्ली पंचतनचा किनारा आणि पाव मैलाची शर्यत

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतन ही जुनी बाजारपेठ आहे. मुरूड तालुक्यातील बोर्ली मांडला वेगळी आणि ही बोर्ली वेगळी. पूर्वी हा सारा टापू जंजिरा संस्थानात मोडत असे. आज येथे येण्याचे दोन मार्ग आहेत. माणगावहून म्हसळ्यामार्गे वळणावळणाचा डोंगरी रस्ता आहे. किंवा अलिबाग-मुरूड करीत आगरदांड्याला यावे आणि मोटारीसह जंगलात, म्हणजे फेरीबोटीत, चढून खाडीपलीकडे दिघीला उतरावे. आसपासच्या वाड्यावस्त्या खरेदीसाठी बोर्लीवर अवलंबून असतात. किराणा, कापड, भांडी यांच्या दुकानांतील वर्दळ पाहिली की व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ही पेठ लगेच आपलीशी वाटते.

बोर्लीपासून थोड्याच अंतरावर दिवेआगरचा किनारा आहे. सुपारीच्या वाड्या, केवड्याचा गंध आणि सुमारे चार किलोमीटरची सपाट वाळू हे त्याचे वैभव. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने येथील वाड्या अक्षरशः झोपवल्या. सुपारीचे झाड उत्पन्न देऊ लागायला अनेक वर्षे लागतात. त्यामुळे त्या एका दिवसाचा हिशेब बागायतदार अजून फेडीत आहेत. अशा वेळी पर्यटन हा मोठा आधार ठरतो. परंतु पर्यटकांबरोबर एक नवी हौसही येथे आली आहे, ती म्हणजे ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर मोटारी भरधाव सोडण्याची. कोकणात वाळूत रुतलेल्या आणि भरतीत सापडलेल्या गाड्यांच्या बातम्या दर हंगामात येतात. याच वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालते, आणि ती उबायला सुमारे दीड ते दोन महिने लागतात. एका चाकाखाली किती जीव जातील याचा अंदाज गाडी चालविणाऱ्याला नसतो.

माझा पुतण्या मोटारींचा शौकीन आहे. किनाऱ्यावर फिरताना तो म्हणाला, "काका, अमेरिकेतही वेगाची सुरुवात समुद्रकिनाऱ्यावरच झाली." ही माहिती खरी आहे. फ्लोरिडातील ऑर्मंड आणि डेटोना येथील कठीण वाळूवर १९०३ पासून मोटारी धावू लागल्या. मार्च १९३५ मध्ये सर माल्कम कॅम्पबेल यांनी तेथे ताशी २७६ मैलांचा वेग गाठला. पण त्याच वर्षी सप्टेंबरात ते यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर गेले आणि ३०० मैलांचा टप्पा ओलांडला. वेगासाठी किनारा अपुरा आणि धोक्याचा आहे, हे ज्यांनी किनाऱ्यावर विक्रम केले त्यांनाच आधी कळले. डेटोनातील स्पर्धाही १९५९ मध्ये वाळू सोडून बांधीव धावमार्गावर गेल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुण मुले भर रस्त्यात शर्यती लावू लागली. हा प्रश्न नुसत्या दंडाने सुटेना. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. उद्देश असा की, ही हौस रस्त्यावरून उचलून नियमांच्या मैदानात न्यावी. त्यातून 'ड्रॅग रेस' रुजली: दोन गाड्या, सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे १३२० फूट, आणि उभ्या स्थितीतून सुटून आधी पोहोचेल तो विजयी.

याच पट्टीवर १९६० च्या दशकात 'मसल कार' नावारूपाला आल्या. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे, एवढीच त्यांची युक्ती. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओमध्ये ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरी इंजिन होते. आपल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे. त्याची आठ इंजिने एकत्र केली तर हे एक भरेल.

या इंजिनांचे स्वभाव मात्र निरनिराळे होते. क्रायस्लरच्या ४२६ 'हेमी'मध्ये ज्वलनकक्ष अर्धगोलाकार असे. त्यामुळे झडपा मोठ्या बसत आणि इंजिन मोकळा श्वास घेई. १९६६ पासून ते ग्राहकांच्या गाड्यांत ४२५ अश्वशक्तीचे म्हणून मिळू लागले. ते जड आणि महाग होते, व त्याचा खरा जोर उच्च फेऱ्यांवर दिसे. शेव्हरोलेचे १९७० चे ४५४ घनइंचांचे एलएस-६ इंजिन कागदावर ४५० अश्वशक्तीचे होते. ब्यूकच्या ४५५ 'स्टेज वन'ची जाहीर शक्ती अवघी ३६०. पण त्याचा पीळ, म्हणजे टॉर्क, ५१० फूट-पौंड होता आणि तो मिनिटाला केवळ २८०० फेऱ्यांवर मिळे. अश्वशक्ती शेवटचा वेग ठरवते, तर जागेवरून वजन हलवते ते पिळाचे बळ. दिघीच्या जंगलाचे डिझेल इंजिन ऐकले की हे समजते: घाई नाही, पण गाड्यांनी भरलेली बोट निमूट ओढली जाते.

येथे आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल असा एक मुद्दा येतो. त्या काळातील अश्वशक्तीचे आकडे 'ढोबळ' होते. इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा-अल्टरनेटरसारखा भार आणि गाडीचा सायलेन्सर न जोडता मोजलेले. १९७२ पासून अमेरिकेत 'निव्वळ' आकडे जाहीर होऊ लागले, आणि कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाची ३३० अश्वशक्ती त्याच वर्षी २५५ झाली. ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांतील अंतर जाणणाऱ्याला याचे नवल वाटू नये. प्रदूषणाचे नियम, कमी केलेला दाब, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हा काळ लवकरच संपविला.

काही कंपन्या उलट आकडा मुद्दाम कमी सांगत. फोर्डने १९६८ मध्ये ४२८ 'कोब्रा जेट' इंजिनाची शक्ती ३३५ नोंदवली. प्रत्यक्षात ती बरीच जास्त होती. कारण शर्यतीतील गट वजन आणि अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावर पडत. एका अश्वशक्तीमागे किती पौंड वजन, यावरून 'स्टॉक' आणि 'सुपर स्टॉक' या वर्गांचे उपगट ठरत. शक्ती कमी दाखवली की सोपा गट मिळे. तेव्हा संघटनेने कंपनीचा आकडा बाजूला ठेवून धावण्याच्या निकालांवरून स्वतःचा आकडा लावण्यास सुरुवात केली. विवरणपत्रातील उत्पन्न न पटल्यास अधिकारी स्वतः निर्धारण करतो, तसाच हा प्रकार.

मला सर्वांत आवडली ती 'ब्रॅकेट' पद्धत. तिच्यात जुनी साधी गाडी आणि महागडी गाडी एकत्र धावू शकतात. चालक आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल ते आधीच काचेवर लिहितो. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. मात्र लिहिलेल्यापेक्षा लवकर पोहोचलात, तर सामान्यतः हरलात. आपली ताकद लपवणाऱ्याला येथे लाभ नाही. जो स्वतःला अचूक ओळखतो आणि शब्दाप्रमाणे वागतो, तो जिंकतो. पेढीवर पत टिकते ती याच गुणाने.

सेकंदांची शर्यत महाराष्ट्राला नवी नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड भागांत घाटातील बैलगाडा एकेकटा सुटतो आणि क्रमांक सेकंदांवर ठरतो. रायगडच्या किनाऱ्यांवर बैलगाड्यांच्या व घोडागाड्यांच्या शर्यती होतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. कायद्याचा निर्णय झाला, तरी जीवदया मानणाऱ्या घरांत प्रश्न उरतोच. शेतकऱ्याचे बैलावरील प्रेम खरे असते, हे मी ग्रामीण शाखांतील नोकरीत पाहिले आहे. पण धावावे की न धावावे हे बैलाला विचारले जात नाही. इंजिनाला वेदना नाहीत, एवढे तरी त्याच्या बाजूने म्हणता येते. मात्र त्याच्या वाटेत येणाऱ्यांना त्या असतात.

म्हणून जागेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही पाव मैलाची स्पर्धा झाली आहे. गट इंजिनाच्या क्षमतेनुसार आणि डोक्याला हेल्मेट सक्तीचे, अशी तेथील शिस्त. अशा बंदिस्त पट्ट्या आपल्याकडे फार थोड्या आहेत आणि हौस मात्र घरोघर आहे. मोठ्या मोटारीची किल्ली आज अठराव्या वर्षीच हातात येते. माझ्या नात्यातील एका कुटुंबाने रात्रीच्या रस्त्यावरील चढाओढीत तरुण मुलगा गमावला. त्या घरात आजही गाडीचा विषय निघत नाही.

मुलांना नुसते 'हळू चालव' म्हणून भागत नाही, हे अमेरिकेने सत्तर वर्षांपूर्वी ओळखले. त्यांच्या हौसेला इंजिनाचे ज्ञान, वजनाचा हिशेब आणि नियमांची पट्टी द्यावी लागते. पुतण्याला मी एवढेच सुचविले की, स्पर्धेच्या नोंदणीचे शुल्क मी भरीन, पण दिवेआगरच्या वाळूवर चाक जाता कामा नये. त्याने ते मान्य केले. बोर्लीला जाणाऱ्या वाचकांनीही गाडी गावातच उभी करावी, ओहोटीच्या वाळूवर अनवाणी चालावे आणि परतताना बाजारातून रोठा सुपारी आणावी. वादळातून पुन्हा उभ्या राहणाऱ्या वाड्यांना तो आपला छोटासा हातभार होईल.