एका वेळी एकच नोट



बँकेत कॅशियरने नोटांची थप्पी मशीनवर ठेवली की खर्रर्र आवाज होतो, लाल आकडा पळतो आणि काचेपलीकडे आपण श्वास रोखून त्याच्याकडे बघत असतो. शंभरावर थांबला की जीव भांड्यात पडतो. माझ्या नातवाला वाटतं की या मशीनचं काम मोजणं. मी ३७ वर्षं बँकेत काढली. मी त्याला सांगतो, अरे, मोजणं त्यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड काम त्याच्या आधीचं. थप्पीतून एका वेळी एकच नोट सुटी करायची आणि पुढे सरकवायची. दोन एकत्र गेल्या की हिशेब बोंबलला.

मी मूळचा खानदेशातला. बी.कॉम. झालो आणि १९७३ साली भुसावळ-सुरत लाईनच्या गाडीत ट्रंक टाकून सुरतेला आलो, बँकेत क्लार्क म्हणून. आपल्यापैकी बऱ्याच घरांची सुरतेची गोष्ट याच लाईनवरून सुरू होते. पहिली काही वर्षं कॅश काउंटरवर गेली. तेव्हा मशीन वगैरे काही नव्हतं. होती ती दहा बोटं आणि पाण्यात भिजवलेला स्पंज. पॅकेट डाव्या हाताच्या बोटांत पक्कं धरायचं, उजवा अंगठा स्पंजवर टेकवायचा आणि कोपरे उलटत जायचं. मुरलेला कॅशियर शंभराचं पॅकेट मिनिटाच्या आत मोजून बाजूला ठेवायचा आणि त्याच वेळी समोरच्या शेठशी लग्नाच्या मुहूर्तावर गप्पाही मारायचा. संध्याकाळी कॅश कमी भरली तर ती कॅशियरने खिशातून भरायची. त्यामुळे प्रत्येकाचा अंगठा जागा असायचा.

सुरतेच्या नोटांना तर जात होती, म्हणा ना. हिऱ्यावाल्यांकडच्या कोऱ्या करकरीत नोटा एकमेकींना चिकटून बसायच्या, कारण कापलेल्या कडा ताज्या असतात. रिंग रोडच्या कापड मार्केटमधल्या नोटा मधल्या वयाच्या, मोजायला उत्तम. लूम कारखान्यांतल्या पगाराच्या नोटांना सुताचा भुगा लागलेला. भाजी-मासळीवाल्यांच्या नोटा ओलसर आणि मऊ, जुन्या धोतरासारख्या. प्रत्येक प्रकाराला अंगठ्याचा दाब वेगळा लागतो. कोरं पॅकेट आधी वाकवायचं, फडफडवायचं, मधे हवा शिरू द्यायची आणि मगच मोजायचं. आमच्यात त्याला ‘नोटेला हवा देणे’ म्हणत.

ही हवेची युक्ती काही कॅशियर मंडळींनी शोधलेली नाही. आपल्या नाशिक रोडला १९२८ साली इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये नोटा छापायला सुरुवात झाली. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. मोठ्या कागदावर एकावेळी अनेक नोटा छापतात आणि मग कापतात. कागद ओढून घेणाऱ्या छपाई यंत्रात हाच प्रश्न असतो की हजारो कागदांच्या ढिगातून वरचा एकच कसा उचलायचा. तिथे ढिगाच्या वरच्या कडेला हवेचा झोत मारतात, त्याने वरचे कागद सैल होतात. मग रबरी चोखण्या खाली येऊन हवा ओढतात आणि वरचा एक कागद अलगद उचलतात. ढीग ज्या फळीवर असतो ती फळी थोडी थोडी वर चढत राहते, म्हणजे वरचा कागद कायम त्याच उंचीवर सापडतो. म्हणजे फुंकर, चोखणं आणि उचलणं. आमच्या बोटांचंच काम, फक्त लोखंडात घडवलेलं.

नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत टेबलावरचं मशीन आलं. त्यात चोखण्या नाहीत, सगळी मदार रबरावर. उतरत्या खाचेत थप्पी ठेवली की खालचं रबरी चाक फिरून एक नोट पुढे ओढतं. समोर दुसरं रबर असतं, ते नोटेला अडवतं. चाक म्हणतं चल, रबर म्हणतं थांब. या ओढाताणीत चाकाला लागलेली नोट सटकते आणि तिच्यामागची अडकून राहते. दोघांमधलं अंतर एका नोटेच्या जाडीइतकं ठेवायचं असतं. त्यासाठी मागे एक स्क्रू असतो. पुढे प्रकाशाचा डोळा असतो. नोटेतून कमी उजेड आला तर दोन एकत्र आहेत असं समजून मशीन थांबतं आणि टीं टीं करतं. मिनिटाला हजाराच्या आसपास नोटा. आम्ही आ वासून बघत राहिलो.

पण मशीनपुढे एक अडचण होती, पिन. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा प्रत्येक पॅकेटला जाड पिना ठोकलेल्या असायच्या. त्या काढता काढता नखं जायची आणि नोटा फाटायच्या त्या वेगळंच. पिन असलेलं पॅकेट या मशीनमध्ये जाणार कसं? म्हणून जमिनीवर उभं राहणारं दुसरं मोठं मशीन बँकांनी घेतलं. त्यात पॅकेटचं एक टोक चिमटीत पकडलं जातं आणि मोकळ्या टोकाकडे एक गोल मुंडकं फिरतं. त्याला भोकं असतात आणि मागे हवा ओढणारा पंप असतो. प्रत्येक भोक एका नोटेचा कोपरा ओढतं, उलटतं आणि सोडून देतं. न सोडता, न फाडता पॅकेट मोजून तयार. पुढे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये सगळ्या बँकांना पिना मारणं बंद करून कागदी पट्टी लावायला सांगितलं. ‘क्लीन नोट पॉलिसी’ म्हणतात ती हीच. ग्राहक कुरकुरले, की पट्टीतून कोणी एक नोट ओढली तर? पण नोटांचं आयुष्य मात्र सुधारलं.

आता खरी गोष्ट सांगतो, ती २००६ सालची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उकाई धरणातून पाणी सोडलं. विसर्ग ९ लाख क्युसेकच्या आसपास गेला होता. ऐन राखीच्या तोंडावर तापीमाई शहरात शिरली आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना मी काय सांगणार? पाणी उतरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत आहे.

शाखा सुरू झाल्यावर लोक भिजलेले पैसे घेऊन येऊ लागले. डब्यातले, गादीखालचे, देव्हाऱ्यातले. त्यात एक आपल्याकडच्या ताई आल्या. नाव सांगत नाही. पन्नाशीच्या असतील. घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करायच्या आणि वस्तीतल्या बायकांची भिशी सांभाळायच्या. ४२ बायका, प्रत्येकीचे ५०० रुपये, एकूण २१,०००. पाणी घरात शिरलं तेव्हा डबा माळ्यावर होता, पण माळ्यापर्यंतही ओल पोचली. शंभराच्या १५० नोटा, पन्नासच्या १०० आणि दहाच्या १००, असा त्यांचा तोंडी हिशेब. बरोबर भिशीतल्याच तीन-चार बायका आल्या होत्या. सोबत म्हणून आल्या होत्या की पहाऱ्याला, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. पुरात प्रत्येकीचं घर गेलेलं. त्या ५०० रुपयांची तेव्हा काय किंमत होती हे वेगळं सांगायला नको.

काउंटरवरच्या पोराने शंभराच्या नोटा मशीनवर ठेवल्या. आकडा आला १४३. मागच्या बायकांमध्ये कुजबुज झाली. पुन्हा ठेवल्या, १४६. तिसऱ्यांदा १४१. तोवर एक बाई मोठ्याने बोललीच, “सातशे-आठशे रुपये कमी भरतात, ते गेले कुठे?” ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे वळून त्या एवढंच बोलल्या, “भाऊ, मी एक रुपया बी काढेल नही शे.”

मी तेव्हा ऑफिसर होतो, काउंटरच्या मागेच बसायचो. मंडळी, इथे कॉमर्सची पदवी लागत नाही, साधं डोकं लागतं. पैसे खरंच कमी असते तर आकडा तिन्ही वेळा तेवढाच कमी आला असता. १४३ तर १४३. पण तो दर वेळी बदलत होता. म्हणजे नोटा एकमेकींना चिकटलेल्या होत्या, कधी इथे दोन जोडीने जात होत्या तर कधी तिथे. पावसाळी ओलीने मशीनचं रबरही बुळबुळीत झालेलं. त्याची अडवण्याची ताकद गेली होती, आणि मळलेल्या नोटेतून उजेड आधीच कमी जातो, मग एक कुठली आणि दोन कुठल्या हे त्या डोळ्याने ओळखावं कसं? मी हे त्या बायकांना समजावलं. दोघींना पटलं, एकीला नाही. तिचाही दोष नव्हता. काचेवर आकडा दिसतो तेव्हा माणसाचा शब्द हलका पडतो.

आमचे हेड कॅशियर गुजराती, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. ते सगळे त्यांना काका म्हणत. ते उठून आले, थप्पी हातात घेतली, कडेने वाकवून बघितली आणि म्हणाले, “पहेला सुकवो, पछी गणो.” आधी वाळवा, मग मोजा.

दुपारी व्यवहार संपल्यावर मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरले. पंखा मंद ठेवला. काकांनी ताईंना आणि त्या सगळ्या बायकांना आत बोलावून खुर्च्या दिल्या. ज्यांचे पैसे आहेत त्यांनी डोळ्यांनी बघावं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मी मॅनेजरसाहेबांची परवानगी काढली. मग काकांनी एकेक थप्पी घेतली. कोपरा धरून ओढायचं नाही, ओली नोट तिथेच फाटते. आधी थप्पी दोन्ही हातांत धरून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाकवायची, म्हणजे थर आपोआप सरकतात. मग कडेला तोंड नेऊन हळूच फुंकर. छापखान्यात हवेचा झोत करतो तेच, फक्त माणसाच्या श्वासाने. नोट सुटली की ती वर्तमानपत्रावर वेगळी ठेवायची. थोड्या वेळाने बायकांनाही कळलं, त्यांनीही हात लावला. टिकल्या लावून लावून त्यांची बोटं आमच्यापेक्षा नाजूक काम करणारी. शंका घेणारी बाई सगळ्यात चांगलं काम करत होती.

दोन तास लागले. शंभराच्या नोटा १५०. पन्नासच्या १००. दहाच्या ९९ भरल्या आणि खोलीत शांतता पसरली. काकांनी वर्तमानपत्र उचललं. शंभरावी नोट कागदाच्या ओल्या घडीला खालून चिकटली होती. २१,००० पूर्ण.

ताई रडल्या नाहीत की हसल्या नाहीत. पदराने हात पुसले आणि स्लिपवर सही केली. ती शंका घेणारी बाई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि बाहेर पडताना तिने ताईंची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. त्या भिशीत त्या पुढेही अनेक वर्षं पैसे सांभाळत होत्या. मला वाटतं त्या दिवशी २१,००० पेक्षा जास्त काहीतरी बुडता बुडता वाचलं.

हाच एक-एक नोट उचलण्याचा प्रश्न पुढे सगळ्या देशाने अनुभवला. ८ नोव्हेंबर २०१६ ला जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. मी तेव्हा निवृत्त होतो, तुमच्यासारखाच रांगेत. लोक वैतागून विचारायचे, नव्या नोटा आल्या आहेत तर एटीएममधून का येत नाहीत? कारण एटीएमच्या पोटात डबे असतात, त्यात नोटा उभ्या रचतात, मागून स्प्रिंगची पट्टी त्यांना पुढे दाबत राहते आणि पुढे कुठे रबरी चाक तर कुठे चोखण्या एकेक नोट उचलतात. हे सगळं नोटेच्या मापाला बेतलेलं. जुनी ५०० ची नोट ७३ बाय १६७ मिलिमीटर, नवी ६६ बाय १५०. दोन हजाराची ६६ बाय १६६. माप चुकलं की नोट तिरकी होते आणि यंत्र अडतं. म्हणून देशातल्या दोन लाखांहून जास्त एटीएमपाशी माणूस पाठवून डबे नव्याने जुळवावे लागले. तोवर चालत होती ती फक्त शंभराची नोट. डब्यात २,००० नोटा म्हणजे २ लाख रुपये, आणि सुरुवातीला एका कार्डावर दिवसाला २,००० ची मर्यादा. म्हणजे शंभर माणसांत एक डबा रिकामा! रांगेतला एकशेएकावा माणूस कोणाला शिव्या घालत होता ते तुम्हाला आठवतच असेल.

आता रिझर्व्ह बँकेची मोठी यंत्रं तासाला ५०-६० हजार नोटा तपासतात, खऱ्या-खोट्या आणि चांगल्या-खराब वेगळ्या करतात. मशीनला नावं ठेवायची नाहीत. आमच्या पिढीचे अंगठे त्याने वाचवले. पण आपल्या मंडळींनी, विशेषतः माझ्या वयाच्यांनी, दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पावसाळ्यात नोटा भरायला नेताना आधी घरी पसरून वाळवा आणि हवा द्या. आणि मशीनने दोन वेळा दोन वेगळे आकडे दाखवले तर घाबरू नका, कोणावर संशयही घेऊ नका. नम्रपणे सांगा, “साहेब, एकदा हाताने मोजा.” चांगला कॅशियर त्याला नाही म्हणत नाही.

२००६ च्या पुरात तुमच्या घरातले भिजलेले पैसे कोणी, कसे वाळवले? इस्त्रीने, तव्यावर की पंख्याखाली? आठवत असेल तर खाली जरूर लिहा. नव्या पिढीला हे वाचायला मिळालं पाहिजे.