निसटलेले ठोके

मुलांस अचूक मोजावयास शिकविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. परंतु मोजणाऱ्या यंत्राचीहि परीक्षा घ्यावी लागते, हें आम्हांस एका विद्यार्थ्यानें शिकविलें.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटचे खडक उघडे पडलेले आहेत. लातूरकडे मात्र काळा बेसाल्ट. ग्रॅनाइटांत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम हीं द्रव्यें सामान्यतः अधिक असतात. म्हणून दोन्ही दगडांचा किरणोत्सर्ग ताडून पाहण्याचें आमच्या विज्ञान मंडळानें ठरविलें व गायगर-म्युलर नळी आणविली. ही नळी 1928 सालीं जर्मनींत निर्माण झाली. तिला सुमारें 400 व्होल्ट दाब लागतो. तेव्हां मुलांनीं शिक्षकांवांचून तिला हात लावूं नये.

नळींत किरण शिरला कीं विजेचा एक ठोका उमटतो. त्याचें आयुष्य सेकंदाच्या दहाहजाराव्या हिश्श्याएवढें! तो कर्ण्यांतून ‘टिक्’ असा ऐकूं येई, व आर्डुइनो बोर्ड तोच मोजून पडद्यावर आंकडा दाखवी.

देगलूरकडील एक अबोल मुलगा कान देऊन वहींत रेघा ओढीत होता. मिनिट संपलें. पडद्यावर 9, वहींत 24! आम्ही सर्वांसमक्ष म्हणालों, “यंत्र खोटें बोलत नाहीं. मनचे आंकडे लिहूं नकोस.”

“सर, ठोके तर तितकेच ऐकूं आले,” एवढेंच तो बोलला. दुसऱ्या दिवशीं तो मंडळांत आला नाहीं.

त्याची रिकामी जागा आम्हांस बोचूं लागली. सायंकाळीं एकटे बसून आम्हीं कानानें मोजिलें : 23. पडद्यावर 10. मग कारण ध्यानांत आलें. बोर्ड क्षणभर नळीकडे पाही व क्षणभर पडद्यावर आंकडा लिही. लिहिण्यास तीन-चार मिलिसेकंद लागत. तेवढ्यांत आलेला ठोका कोणी पाहिलाच नाहीं!

उपाय स्वल्प होता. मध्यें 555 टायमर बसविला. पुरवठ्याच्या एक-तृतीयांशाखालीं उतरणारा ठोकाच त्यास जागें करतो. बारीक कुरकूर वगळली जाते. जागा झाला कीं तो ठरल्या वेळेचा सरळ, रुंद ठोका देतो. ती वेळ म्हणजे रोध व धारिता यांच्या गुणाकाराची 1.1 पट. 47 किलोओम व 0.1 मायक्रोफॅरॅड घेतां ती 5 मिलिसेकंदांहून किंचित् अधिक आली. आतां बोर्ड लिहून परते तोंवर ठोका दारांत उभा असे. आणि त्याचा चढ तेवढा मोजल्यानें एकाचे दोन होत नसत. मात्र त्या 5 मिलिसेकंदांत दुसरा किरण आल्यास तो हुकतो. मिनिटास 24 ठोके असतां असा बंद काळ एकूण 0.12 सेकंदच, परंतु प्रखर किरणांपुढें हीच रुंदी घातक ठरेल.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलास बोलावून आणिलें व सर्वांसमक्षच त्याची क्षमा मागितली. त्यानें मान खालीं घालून पुन्हां वही उघडली. कान व पडदा जुळले. पुढें तासतासभर मोजल्यावर देगलूरच्या दगडाचा आंकडा लातूरच्या दगडाहून वर आला.

पालकहो, मुलांचेहि कांहीं शब्द असे क्षणाचेच असतात. आपण दुसऱ्या कामांत गुंतलों असतां ते येऊन जातात, आणि मग आपण म्हणतों कीं मूल कांहीं बोललेंच नाहीं.